सांडवा आणि विश्वेश्वरय्या



स्मरणिकेच्या मंडळींनी यंदा ठरवले की, प्रत्येकाने आपापल्या व्यवसायातल्या एका थोर माणसाबद्दल लिहायचे. डॉक्टर झालेल्यांनी डॉक्टरबद्दल, बँकेतल्यांनी बँकेच्या माणसाबद्दल. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, म्हणून माझ्या वाट्याला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले. त्यांचे नाव सगळ्यांना माहीत आहे. १५ सप्टेंबरला अभियंता दिन असतो, फोटोला हार घातला जातो, चहा होतो आणि आपण घरी जातो. शिस्तीच्या, वेळ पाळण्याच्या आणि इस्त्रीच्या कपड्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. मी त्या सोडून देतो आणि फक्त एका धाग्याने त्यांचे आयुष्य सांगतो. तो धागा म्हणजे सांडवा.

सांडवा म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण आपल्यातले निम्मे लोक शहरात गेले आहेत. तुमच्या गच्चीवरच्या टाकीला वरच्या अंगाला एक छोटी नळी असते. टाकी भरली की जादा पाणी त्यातून बाहेर पडते. ती नळी बुजली तर पाणी मिळेल तिथून जाते आणि खालच्या माणसाचे छत गळू लागते. धरणाचा सांडवा हे तेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. तलाव पूर्ण भरल्यावर वरून येणारा पूर भिंतीवरून न जाता ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या चरातून, पुन्हा नदीला किंवा ओढ्याला मिळावा, एवढीच त्याची कामगिरी. दगडी भिंतीवरून थोडा वेळ पाणी गेले तर ती कदाचित तग धरेल. मातीच्या धरणावरून पाणी गेले की भराव तासाभरात कापला जाऊ शकतो. म्हणून आमच्या कामात धरण किती पाणी साठवते याच्या आधी ते किती पाणी सुखरूप सोडू शकते, हे विचारले जाते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबर रोजी झाला. साल बहुतेक पुस्तकांत १८६१ दिले आहे. वडील संस्कृतचे जाणकार, घरची परिस्थिती साधी. वडील लवकर गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना मुलाने शिकवण्या करून पोट भरले आणि १८८१ मध्ये बी.ए. पूर्ण केले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि हा कानडी मुलगा पुण्याला आला. त्या वेळचे कॉलेज ऑफ सायन्स म्हणजेच आजचे आपले सीओईपी. तिथून १८८३ मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. आपल्यापैकी पुण्यात शिकलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की, त्यांच्या नोकरीची पहिली चोवीसएक वर्षे बहुतांशी आपल्याच मुलुखात गेली. न्यायमूर्ती रानडे, गोखले अशा मंडळींशी त्यांचा परिचय झाला तोही याच काळात.

सुरुवात नाशिक आणि खानदेशात झाली. पांझरा नदीच्या खोऱ्यात दातर्ती येथे पाटाचे पाणी पलीकडे नेण्यासाठी नळांचा सायफन बांधण्याचे काम या नव्या पोराकडे आले. ज्यांनी धुळ्याकडे नोकरी केली आहे त्यांना पांझरेचा स्वभाव माहीत आहे. उन्हाळ्यात वाळू, आणि पावसाळ्यात एका रात्रीत पात्र भरून वाहणारी. पाणी अडवणे आणि पाण्याला वाट देणे ही दोन्ही कामे एकाच हाताने करायची असतात, हे तिथे काम करणाऱ्याला फार लवकर समजते.

पुढे १८९०च्या दशकात त्यांना सिंधमध्ये सक्कर येथे पाठवले. तिथे सिंधू नदीचे गढूळ पाणी गाळून शहराला द्यायचे होते, पण गाळण्याच्या टाक्या बांधायला नगरपालिकेजवळ पैसे नव्हते. त्यांनी नदीकाठी विहीर घेऊन पात्रातल्या वाळूतून पाझरून आलेलेच पाणी उचलले. नदीच्याच वाळूने पाणी गाळले. नवीन बांधकाम मागण्याआधी जे आहे त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा, ही त्यांची सवय इथे दिसते. तीच पुढे खडकवासल्याला कामी आली.

आता खडकवासल्याकडे येतो. मुठा नदीवरचे हे दगडी धरण १८७९-८०च्या सुमारास पुरे झाले. कर्नल फाइफ यांच्या नावावरून तलावाला लेक फाइफ म्हणत. पुणे शहर आणि छावणी यांना पिण्याचे पाणी आणि कालव्याला शेतीचे पाणी इथूनच जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्याची मागणी वाढली होती. साठा वाढवायचा तर धरण उंच करा, हा सरळ उपाय होता. त्याला पैसा लागतो, शिवाय जुन्या भिंतीवर नवा भार येतो.

विश्वेश्वरय्यांनी जे पाहिले ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. उघड्या सांडव्याचा माथा एका ठरावीक पातळीला असतो. तलाव त्या पातळीपर्यंत भरला की पुढचे पाणी वाहून जाते. पण मोठा पूर आला की एवढे पाणी एकदम निघू शकत नाही. ते सांडव्याच्या माथ्यावर चढते, काही फूट उंचीने वाहते आणि मगच पूर निघून जातो. म्हणजे धरणाची भिंत त्या चढलेल्या पाण्याच्या हिशोबाने आधीच उंच बांधलेली असते. वर्षातले काही दिवस सोडले तर तेवढा वरचा थर रिकामाच राहतो. तो थर साठ्यासाठी वापरायचा असेल तर सांडव्यावर दरवाजे बसवायला हवेत. दरवाजे बंद असताना पाणी वर साठेल. पण पूर रात्री दोन वाजता आला, पहारेकरी झोपला किंवा वाटेतला ओढा भरल्याने त्याला पोहोचताच आले नाही, तर बंद दरवाजांमुळे धरणच धोक्यात येईल.

म्हणून त्यांनी माणसावर अवलंबून नसलेले दरवाजे तयार केले. पाणी पूर्वीच्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीपर्यंत येईतो ते बंद राहत. त्याच्यावर पाणी चढू लागले की पाण्याच्याच जोराने आपोआप उघडत आणि जादा पाणी सोडून देत. पातळी उतरली की पुन्हा आपोआप मिटत. १९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासल्याला बसले. साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली आणि साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. भिंत उंच करावी लागली नाही. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते. त्याची रॉयल्टी मात्र त्यांनी सरकारकडून घेतली नाही. सरकारी नोकरीत असताना केलेले काम हे सरकारचेच, अशी त्यांची भूमिका होती.

मला या दरवाजांचे कौतुक २५ टक्क्यांमुळे वाटत नाही. जास्त पाणी साठवायची ओढ प्रत्येक धरणावर असते. कालव्याच्या शेवटाचा शेतकरी मागतो, शहर मागते, पुढारी मागतात. विश्वेश्वरय्यांनी ते जास्तीचे पाणी दिले, पण पुराच्या पाण्याची वाट एका इंचानेही अरुंद न करता दिले. आधी वाट, मग साठा, हा त्यांचा क्रम होता.

याच सुमारास, नीरा कालव्यावर, पाणी वाटण्याची ब्लॉक पद्धत त्यांनी सुचवली. कालव्याजवळच्या मोजक्या गावांनी सगळे पाणी उसाला घेऊन जमीन पाणथळ करायची आणि पुढच्या गावांनी कोरडे राहायचे, हे त्यांना पटत नव्हते. ठरावीक गटांत, पिकांची फेरपालट करून, अधिक गावांत पाणी फिरवावे, असा त्यांचा आराखडा होता. सुरुवातीला शेतकऱ्यांचा विरोध झाला, नंतर ती पद्धत रुजली. बारामती भागातले आपले वर्गमित्र उसाचा ब्लॉक हा शब्द लहानपणापासून ऐकत आले आहेत. त्याचे मूळ इथे आहे.

१९०८ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. सर्वांत वरच्या जागा त्या काळी इंग्रजांसाठीच राखलेल्या असत, आणि आपल्याला तिथे जाता येणार नाही, हे त्यांना दिसत होते. भांडण न करता ते बाहेर पडले आणि परदेश पाहायला गेले. तिथेच त्यांना हैदराबादचे बोलावणे आले.

हैदराबादला २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला असा पूर आला होता की शहराचा मोठा भाग वाहून गेला आणि हजारो माणसे मेली. निजाम सरकारने शहर पुन्हा उभे करायला आणि असे पुन्हा होऊ नये याची योजना करायला विश्वेश्वरय्यांना नेमले. त्यांनी नुसते शहर पाहिले नाही. ते नदीच्या वरच्या अंगाला गेले. मुसीच्या पाणलोटात शेकडो लहानमोठे तलाव होते. एकाखाली एक, माळेसारखे. त्या रात्रीच्या पावसात त्यांपैकी दोनशेहून अधिक फुटले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावात जाते, त्याच्या सांडव्याला तेवढे पाणी झेपत नाही, मग तोही फुटतो. नदीत पावसाचे पाणी होतेच, त्यात या तलावांचे पाणी मिसळले.

माझ्या मते हैदराबादचा धडा अभियंत्यांपेक्षा गावकऱ्यांनी जास्त लक्षात ठेवायला हवा. लहान तलावांना कोणी विचारत नाही. त्यांच्या सांडव्यात झुडपे वाढतात, कोणी त्यात भिंत घालतो, कोणी शेत वाढवतो. दहा-वीस वर्षे काही होत नाही आणि सगळे निर्धास्त राहतात. मग एक रात्र येते.

विश्वेश्वरय्यांनी शहराच्या वर, मुसी आणि तिची उपनदी इशी, यांच्यावर दोन मोठे जलाशय सुचवले. पुराचे पाणी तिथे धरून ठेवायचे आणि नदीला पेलेल अशा बेताने सोडायचे, ही त्यामागची कल्पना. उस्मान सागर १९२०च्या सुमारास आणि हिमायत सागर १९२७च्या सुमारास पुरे झाले. हैदराबादला गेलेल्या आपल्या मंडळींनी ते पाहिले असतील. सहलीचे ठिकाण म्हणून आपण जातो, पण ते आधी शहराची ढाल म्हणून बांधले गेले आहेत.

१९०९च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ मध्ये कावेरीवर कन्नंबाडी येथे कृष्णराज सागर धरणाचे काम सुरू झाले. खाली मद्रास इलाखा होता, त्याची पाण्याच्या हक्काची हरकत होती. सुरुवातीला कमी उंचीच्या धरणालाच परवानगी मिळाली, पण विश्वेश्वरय्यांनी पाया पुढच्या पूर्ण उंचीच्या हिशोबाने घातला. सिमेंटऐवजी चुना आणि सुरखी वापरून हे बांधकाम झाले. सांडव्यावर खडकवासल्याच्याच धर्तीचे स्वयंचलित दरवाजे बसवले. पुण्याजवळच्या एका तलावावर जमलेली गोष्ट अशी कावेरीवर गेली.

ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावरही तेच दरवाजे बसले होते. ते धरण १९१७च्या पावसाळ्यात फुटले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपून पाया कमकुवत झाला होता. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण थोर माणसाच्या गोष्टीत आपण फक्त यश सांगतो. सांडवा चांगला असला तरी पाया कच्चा असेल तर धरण टिकत नाही. आमच्या धंद्यात एकच गोष्ट बरोबर करून भागत नाही.

१९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, १९१६चे म्हैसूर विद्यापीठ, चंदनाचे तेल, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची सुरुवात ही सगळी त्या काळातली कामे. १९१५ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. सरकारी नोकऱ्यांत मागे राहिलेल्या समाजांसाठी जागा राखण्याचा प्रश्न तेव्हा म्हैसूरमध्ये पुढे आला. महाराजांचा कल त्या बाजूचा होता, विश्वेश्वरय्यांना ते पटत नव्हते आणि त्यांनी पद सोडले. आज या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा नाही. ज्याला शिकण्याची वाटच मिळाली नाही त्याला गुणांच्या कसोटीवर मोजता येत नाही, असे मला वाटते. शाळेत आपल्याच बाकावर बसलेली काही मुले सातवीनंतर का दिसली नाहीत, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी मत पटत नसताना खुर्चीला चिकटून न राहता बाजूला होणे, हे त्यांचे वागणे मला मानावेसे वाटते.

पुढची चाळीसएक वर्षे त्यांनी सल्लागार म्हणून काम केले. ओरिसाच्या पुरांचा अभ्यास केला. नव्वदी उलटल्यावर मोकामा येथे गंगेवर पूल कुठे बांधावा, हे ठरवण्यासाठी जागा पाहायला गेले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. १९६२च्या एप्रिलमध्ये बंगळूरला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची शंभरी उलटली होती.

ते जाण्याच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९६१ला, आपल्याकडे पानशेत फुटले. बांधकाम पूर्ण व्हायच्या आतच पाणी अडवले गेले होते, विमोचकाजवळ भराव खचला आणि सकाळी धरण गेले. ते सगळे पाणी खाली खडकवासल्यात आले. एवढे पाणी सोडायची ताकद तिथल्या कोणत्याच सांडव्यात नव्हती. काही तासांत खडकवासलाही फुटले आणि पुणे बुडाले. हैदराबादला जे घडले होते तेच. वरचा तलाव फुटला की खालचा टिकत नाही. ज्या धरणाच्या एकेका फुटाचा हिशोब विश्वेश्वरय्यांनी मांडला होता ते त्यांच्या हयातीतच फुटले. आपण तेव्हा चार-पाच वर्षांचे होतो. आपल्या गुरुजनांपैकी ज्यांची घरे शनिवार-नारायण पेठेत होती, त्यांनी वर्गात त्याबद्दल सांगितलेले मला आठवते. खडकवासला नंतर पुन्हा बांधले गेले आणि आजही पुण्याला पाणी देते.

आता आपल्या गावाच्या तलावाबद्दल चार ओळी लिहितो, कारण त्यासाठीच मी हा विषय घेतला. आपला तलाव मातीचा आहे. त्याच्या टोकाचा दगडी सांडवा आणि तिथून शाळेच्या मैदानामागून ओढ्याला जाणारा चर तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. आपले निम्मे चेंडू त्या चरात गेले. मागच्या दिवाळीत मी टेप घेऊन तो मोजला. मूळचा चर सुमारे ३५ फूट रुंद आणि ५ फूट खोल आहे. मैदानामागे त्यात मुरूम टाकून प्लॉट पाडले आहेत आणि पाण्यासाठी तीन फूट व्यासाचे दोन सिमेंटचे नळ ठेवले आहेत. हिशोब सोपा आहे. पूर्वी पाण्याला १७५ चौरस फुटांची वाट होती, आता १४ चौरस फुटांची आहे. म्हणजे बारावा हिस्साही नाही. शिवाय मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या माथ्यावर वाळूची पोती रचलेली दिसली. म्हणजे पाणी दीड-दोन फूट जास्त चढणार आणि बाहेर पडायला जागा नाही. खाली काय आहे ते मी सांगायला नको. आपली शाळा आहे, तिच्यात आज सहाशे मुले आहेत, आणि शाळेखाली वस्ती आहे.

प्लॉट घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी पैसे मोजून जागा घेतली, चर कशासाठी असतो हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांना दुसरी जागा मिळावी, हेही आपण मागायला हवे.

मी निवेदन लिहून ठेवले आहे, सोबत मोजमापाचा नकाशा जोडला आहे. आपल्या वर्गात दोन वकील आहेत, एक माजी सरपंच आहे, तहसील कचेरीत पंचवीस वर्षे काढलेली एक मैत्रीण आहे. स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, नाश्त्याच्या आधी, ज्यांना जमेल त्यांनी सांडव्यापाशी यावे. पोती तेवढ्यात काढता येतील, दहा-बारा जण पुरेत. चराचे काम सहीशिवाय होणार नाही, म्हणून सह्या तिथेच करू. गुरुजनांनी चढ चढायची तसदी घेऊ नये. त्यांच्या सह्या घ्यायला मी स्वतः त्यांच्याकडे येईन.